डोळे मिटून उतरायचा उतार

बसा. खुर्ची असेल तर खुर्चीवर, ओटीवर असाल तर भिंतीला पाठ टेकून. पावलं जमिनीला नीट टेकू द्या, कारण आजच्या मननात सगळ्यात जास्त काम पावलांना आहे. शक्य असेल तर पौष-माघातली पहाट निवडा. रत्नागिरीत थंडी म्हणावी अशी थंडी याच दिवसांत येते. भाट्याच्या खाडीवर धुकं धरतं, सड्यावरून उतरणारा वारा कानाला लागतो आणि झोपेत पायाशी लोटलेली चादर पुन्हा गळ्यापर्यंत ओढावी लागते. तो गारवा श्वासाबरोबर आत घ्या. नाकाच्या शेंड्याला तो कुठे स्पर्श करतो, घशात कुठवर जातो, तेवढंच बघा. पाच-सहा श्वास असेच जाऊ द्या.

आता हाच गारवा मनानं वाढवत न्या. दहा अंश. शून्य. शून्याच्या खाली दहा. समोरचा माड, पोफळ, गडगा, विहिरीचा कठडा एकेक करून पुसून टाका. तिथे देवदार उभे करा, फांद्यांवर बर्फ घेऊन वाकलेले. तुम्ही काश्मीरमध्ये गुलमर्गला आहात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर. मागे अफरवटचा डोंगर चढत गेला आहे. उजाडायला थोडा वेळ आहे. खाली टंगमर्गच्या बाजूनं एक मुलगी वर येते आहे, अंदाजे तेरा-चौदा वर्षांची, खांद्यावर दोन लांब स्की घेतलेली. तिला नाव देऊ नका. ती कुणीही असू शकते. या मननात आपण तिच्या मागून चालणार आहोत.

ती इतक्या लवकर का आली, याचा विचार करा. रात्रभर गोठलेला बर्फ पहाटे कडक असतो आणि शर्यतीचा स्की धरतो तो कडक बर्फावर. ऊन वर आलं की पृष्ठभाग मऊ होतो, वळणाच्या जागी खळगे पडतात आणि सराव बिघडतो. पर्यटक ज्या भुसभुशीत ताज्या बर्फासाठी लांबून येतात, तो शर्यतीच्या कामाचा नसतो. मोठ्या स्पर्धांत तर उतारावर मुद्दाम पाणी मुरवून त्याचा काचेसारखा टणक थर करतात. पहिला धावणारा आणि साठावा धावणारा यांना त्यातल्या त्यात सारखा उतार मिळावा, एवढ्यासाठी ही खटपट.

तिच्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. स्लॅलम या प्रकारात उतारावर साठ-सत्तर गेट लावलेली असतात. लाल आणि निळे खांब, आलटून पालटून. डावीकडून, उजवीकडून, परत डावीकडून असं नागमोडी वळत खाली यायचं. एक फेरी पन्नास-साठ सेकंदांत संपते. सरावाच्या दिवशी तिला आठ फेऱ्या मिळाल्या, तरी गेटांमधून उतरण्याचा वेळ सगळा मिळून सात-आठ मिनिटांच्या पुढे जात नाही. बाकी दिवस जातो वर चढण्यात, रांगेत उभं राहण्यात, खांब रोवण्यात आणि उपटण्यात, संध्याकाळी स्कीच्या कडांना कानस लावण्यात आणि तळाला मेण चढवण्यात. मला स्कीइंगमध्ये सगळ्यात विचार करायला लावणारं काही वाटत असेल, तर ते हे प्रमाण. वेग जगाला दिसतो. त्या वेगाच्या आजूबाजूला पसरलेला संथ, थंड, बिनबोलाचा दिवस दिसत नाही. क्षणभर त्या दिवसात थांबा. गोठलेल्या बोटांनी ती कानस फिरवते आहे. एकाच दिशेनं, एकाच कोनात. तो आवाज ऐका.

काश्मीरमध्ये डिसेंबरच्या एकवीस तारखेच्या सुमाराला चिल्ला-ए-कलां सुरू होतो, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. हंगामाचा पाया त्या चाळीस दिवसांत पडतो. पण २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार तपकिरी होते. बर्फ वेळेवर आलाच नाही. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यावर गेला. पुढच्या वर्षीही तो लांबला आणि मार्चमध्ये झाला. उन्हाळाभर डोंगर चढून, उठाबशा काढून, गुडघे आणि मांड्या घट्ट करून तयार झालेली मुलगी खिडकीतून कोरडं गवत बघते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. तिची काही चूक नाही. मेहनतीत कुठे कसूर नाही. आभाळानं दिलं नाही, एवढंच.

हे रत्नागिरीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इथला हापूस बागायतदार त्याच डिसेंबरात, त्याच थंडीकडे डोळे लावून बसलेला असतो. थंडी टिकली तर मोहोर, नाही टिकली तर पालवी. मोहोर आला तरी पुढे तुडतुडे आहेत, भुरी आहे, अवेळी पाऊस आहे, मार्चमधला चटका आणि फळगळ आहे. वर्षभराची खतं, फवारण्या, राखण, सगळं पणाला लागतं ते दोन-अडीच महिन्यांसाठी. आजोबांच्या लावलेल्या कलमाखाली उभा राहून वर बघणारा माणूस आणि अफरवटकडे बघणारी ती मुलगी, दोघांच्या छातीत त्या वेळी जे असतं ते आपल्याही छातीत कुठे आहे का, ते शोधा. ती काळजी आहे, पण नुसती काळजी नाही. हातात होतं ते करून झाल्यावरची ती एक सावध, जागी शांतता आहे. सापडली तर तिथे काही श्वास राहा. नाही सापडली तरी चालेल.

आता शर्यतीचा दिवस.

शर्यतीआधी स्पर्धकांना उतार बघायला देतात. या पाहणीचा नियम मला फार आवडतो. गेटांमधून वेगानं जाऊन बघायला सक्त मनाई. स्की आडवे धरून, हळूहळू घसरत, कडेकडेनं खाली यायचं आणि नजरेनं सगळं टिपायचं. कुठे चढ-उताराची लय बदलते, कुठे पुढचं गेट उंचवट्याआड लपलं आहे, कुठे तीन खांब एका रेषेत उभे करून रचणाऱ्यानं वेगाचा मोह घातला आहे. खाली पोचेपर्यंत सगळा उतार पाठ झाला पाहिजे. मग वर, सुरुवातीच्या फळीमागे, जगातले सगळे मोठे स्कीपटू एकच गोष्ट करताना दिसतात. डोळे मिटून उभे राहतात. हात हवेत डावी-उजवीकडे वळत असतात, गुडघे किंचित दबतात आणि सुटतात, डोकं झुकतं. त्यांनी शर्यत सुरू केलेली असते. घड्याळ लागायच्या आधी प्रत्येक जण तो उतार मनात चार-पाचदा उतरून आलेला असतो.

आपण तेच करू.

तुमच्या ओळखीची एक पाखाडी निवडा. रत्नागिरीत, राजापुरात, गुहागरात, आजोळी, कुठलीही. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, सड्यावरून वाडीत किंवा वाडीतून समुद्राकडे उतरणारी. लहानपणी रोज वापरलेली असली तर उत्तम. आता डोळे मिटा आणि सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहा. उतरू नका. आधी पाहणी.

आडवे, सावकाश. पहिली पायरी रुंद आहे की अरुंद? जांभ्याचा चिरा कोपऱ्यात झिजला आहे का? कितव्या पायरीनंतर वळण येतं? वळणावर कुणाचा गडगा आहे, त्यावर काय उगवलं आहे? श्रावणात कुठे शेवाळ धरतं आणि पाय कुठे जपून टाकावा लागतो? कुठल्या घराच्या पडवीतून धूर येतो? घाई केलीत तर पायऱ्या एकमेकींत मिसळतील. मिसळल्या तर थांबा, एक पायरी वर या, परत बघा. स्मरण उजळायला वेळ लागतो. आठवत नसेल तिथे काहीतरी घालून भरून काढू नका. ती जागा रिकामीच ठेवा. पाहणीत स्पर्धकालाही एखादं गेट नीट उमगत नाही आणि कुठलं उमगलं नाही हे माहीत असणं त्याच्या कामाचं असतं.

पोचलात खाली? आता परत वर. आणि या वेळी नजर पायाखाली नको. स्कीच्या प्रशिक्षणात मुलांना पहिल्या वर्षापासून हे सांगतात: ज्या गेटमध्ये आहेस तिकडे बघू नकोस, पुढच्या आणि त्याच्या पुढच्या गेटकडे बघ. जवळचा खांब दिसला तेव्हा तो झालेला असतो. शरीर जिथे आहे तिथलं काम शरीर करतं. डोळ्यांनी पुढची वाट मोकळी करायची. तर आता पाखाडी उतरा, नजर सतत दोन पायऱ्या पुढे. हात किंचित हलले तर हलू द्या.

आणखी एक गोष्ट, यावर मी नेहमीच जास्त वेळ थांबतो. वळताना स्कीपटूचा सगळा भार बाहेरच्या पायावर असतो. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर दाब. भीती वाटली की माणूस आपोआप उलटं करतो. डोंगराच्या बाजूला झुकतो, आतल्या पायावर येतो, जमिनीला जवळ जायला बघतो. तिथेच स्कीची कड सुटते आणि तो पडतो. उताराकडे, खोल बाजूकडे, जिथे जावंसं वाटत नाही तिकडेच छाती वळवावी लागते. तेरा वर्षांच्या मुलीला हे शब्दांत सांगून कळत नाही. हजार वळणांनंतर एखाद्या सकाळी मांडीला कळतं. तुमच्या उजव्या पावलाच्या आतल्या कडेवर थोडा भार द्या. मग डाव्या. बसल्या बसल्या. भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना मधे एक क्षण येतो जेव्हा तो कुठेच नसतो. तो क्षण पकडा. स्लॅलमच्या एका फेरीत तो साठ-सत्तर वेळा येतो.

आता एका खऱ्या माणसाकडे येऊ.

आरिफ खान. गुलमर्गचा, जन्म १९९०. वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचं दुकान होतं आणि चौथ्या वर्षी तो बर्फावर उभा राहिला. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिम्पिकची संधी पैशांअभावी हुकली. चार वर्षं तो परत त्याच कामाला लागला. या खेळात गुणांची रीत उलटी आहे. जितके कमी गुण तितका खेळाडू वरचा, जगातले सर्वोत्तम शून्याच्या जवळ. म्हणजे वर्षानुवर्षं देशोदेशी फिरून छोट्या छोट्या शर्यतींत एकेक गुण कमी करत जायचं. आरिफची स्लॅलमची पात्रता २०२१ मध्ये दुबईत पूर्ण झाली, वाळवंटातल्या एका मॉलच्या आत केलेल्या बर्फाच्या उतारावर. आखातात नोकरीला गेलेल्या रत्नागिरीच्या कितीतरी कुटुंबांनी सुट्टीच्या दिवशी मुलांना काचेबाहेरून तो उतार दाखवला असेल. दुसऱ्या प्रकाराची, जायंट स्लॅलमची, पात्रता त्यानं माँटेनेग्रोत मिळवली. एकाच ऑलिम्पिकच्या दोन प्रकारांत थेट पात्र ठरलेला तो पहिला भारतीय. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा संघ म्हणजे तो एकटा. ध्वजही त्याच्याच हातात.

१३ फेब्रुवारीला जायंट स्लॅलम झाली. त्या दिवशी दाट हिमवर्षाव होता, इतका की दुसरी फेरी लांबवावी लागली. मागच्या क्रमांकावरून सुटणाऱ्याला आधी गेलेल्यांनी उकरलेला उतार मिळतो आणि त्यात हे असं आंधळं पांढरं हवामान. कितीतरी जण वाटेत बाद झाले. आरिफनं दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. वेळ दोन मिनिटं ४७.२४ सेकंद, क्रमांक ४५वा. सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटची वेळ होती दोन मिनिटं ९.३५ सेकंद. मधे ३७.८९ सेकंदांचं अंतर.

या ३७.८९ सेकंदांवर मनन करा. खरोखर करा. घड्याळ लावून तेवढा वेळ गप्प बसा. केवढा मोठा असतो तो. त्यात आल्प्सच्या पायथ्याशी, घराच्या मागेच उतार असलेलं बालपण आहे. उन्हाळ्यातही हिमनद्यांवर चालू राहणारा सराव आहे, प्रशिक्षकांची, मेण लावणाऱ्यांची, डॉक्टरांची फौज आहे. आणि तरी, त्या सेकंदांच्या या टोकाला उभा असलेला माणूस जो उतार उतरला तो तोच होता. तीच गेटं, तोच बर्फ. १९८८ मध्ये कॅल्गरीच्या स्लॅलममध्ये उतरलेली शैलजा कुमार हिवाळी ऑलिम्पिकमधली पहिली भारतीय महिला. तिच्या आणि विजेतीच्या मधेही असाच काळ पसरला असणार. मला त्या काळाची कीव करावीशी वाटत नाही. मला तो पूर्ण, भरलेला वाटतो.

तीन दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, स्लॅलम. पहिल्या फेरीत आरिफचं गेट चुकलं. निकालाच्या यादीत नावापुढे वेळ नाही, फेरी अपूर्ण, एवढीच नोंद. त्याच्या आधी आठवडाभर, त्याच डोंगरावर, अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनच्या बाबतीत हेच झालं होतं. जायंट स्लॅलममध्ये सुरुवातीच्या काही गेटांतच ती बाद झाली. दोन दिवसांनी स्लॅलममध्ये पुन्हा तसंच. विश्वचषक शर्यतींत पुढे १०० विजयांचा टप्पा गाठणारी, इतिहासातली सगळ्यात यशस्वी स्कीपटू. ती उताराच्या कडेला बर्फात बसली, गुडघ्यांत मान घालून, बराच वेळ. बाजूनं पुढच्या मुली सुटून खाली जात होत्या.

तुमच्या पाखाडीवर आता वेगानं उतरा. मनातच. हात हलू द्या, नजर पुढे ठेवा. आणि कुठेतरी तुमचं लक्ष सुटेल. एखादी पायरी दिसणार नाही, किंवा अचानक दुपारचं एखादं काम, कुणाचं बोलणं, न भरलेलं बिल मधे येईल. ते झालं की परत पहिल्या पायरीवर धावू नका. जिथे सुटलं तिथेच कडेला बसा, त्या चिऱ्यावर. शिफ्रिन बसली तशा. उठायची घाई नको आणि स्वतःशी वादही नको. कुठली पायरी सुटली, त्या वेळी नजर कुठे होती, भार कुठल्या पायावर होता, एवढं बघा. बाकीचं येईल, जाईल. आजूबाजूनं लोक उतरत असतील तर त्यांना वाट द्या.

इथे बसणं अवघड जातं. मलाही वाटतं की इथून लवकर निघावं, झालेलं झालं म्हणून झटकून टाकावं. पण टंगमर्गच्या त्या मुलीचा हंगाम बघा. कोवळ्या वयातल्या एखाद्या स्पर्धकाच्या कितीतरी शर्यतींत निकाल हाच असतो: अपूर्ण. ती पूर्ण केलेल्या फेऱ्यांतून शिकते त्याहून जास्त या कडेला बसलेल्या मिनिटांतून शिकत असावी. प्रशिक्षक खालून हात हलवतो. ती उठते, कपड्यांवरचा बर्फ झाडते, स्की परत बुटांना अडकवते. बुटाची टाच आत दाबली की खटकन आवाज होतो. तो आवाज ऐकून मग तुम्हीही चिऱ्यावरून उठा आणि उरलेल्या पायऱ्या साध्या चालीनं उतरून या.

खाली आल्यावर थोडा वेळ उभे राहा. मांड्यांत ऊब आली आहे का बघा. मनातल्या उतरण्यानंही स्नायू जरा जागे होतात. म्हणून तर खेळाडू दुखापतीच्या महिन्यांत, गुडघा बांधून पडलेले असतानाही, डोळे मिटून गेटं उतरत राहतात. या खेळात गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं नेहमीचं आहे आणि पुन्हा बर्फावर यायला बरेच महिने जातात. तेवढे महिने सराव मनातच चालतो.

श्वास परत रत्नागिरीच्या गारव्यात आणा. पावलं जमिनीवर आहेत. डोळे उघडा.

शर्यतीत यानंतर दुसरी फेरी असते. तिचा उतार तोच राहतो, पण गेटं उपटून नव्यानं रोवतात. पहिल्या फेरीचं पाठांतर तिथे उपयोगाला येत नाही. पाहणी परत पहिल्यापासून. सुटण्याचा क्रमही उलटतो: पहिल्या फेरीत तिसावा आलेला आता सगळ्यांच्या आधी, ताज्या, न उकरलेल्या बर्फावर उतरतो. तेव्हा उद्या पहाटे बसलात तर आजची पाखाडी घेऊ नका. दुसरी निवडा, शक्य तर जिची तुम्हाला थोडी भीती वाटते अशी, आणि वरच्या पायरीवर आधी नुसतं उभं राहा.